अनुसया गायकवाड व इतर सदतीस

ईरा, तन्मय,

मागच्या महिन्यात ईराने मला एक पत्र तपासायला पाठवलं. कॉलेज सांभाळून ती शनिवार-रविवार एका गोदामात काम करते. तिथे दिवसभर उभं राहावं लागतं, म्हणून पॅकिंगच्या टेबलांपाशी बसायला स्टुलं द्यावीत, अशी तिथल्या अकरा जणांची मागणी आहे. पत्राखाली अकरा नावं होती, आकडे घालून, एकाखाली एक. पत्र ईराने लिहिलं म्हणून तिचं नाव साहजिकच पहिलं. "आजी, तुझं इंग्लिश आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, चुका काढ," असं तिने लिहिलं होतं.

एक स्वल्पविराम सोडला तर चूक नव्हती. तरी मी फोन करून म्हटलं, "इतक्यात पाठवू नकोस. आधी ती यादी काढून टाक."

"का? यादीत काय चुकलंय?"

"लिहून सांगते," मी म्हटलं. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

त्याच आठवड्यात आमच्या सेक्टरच्या दिवाळी अंकाचे संपादक, म्हणजे आमच्याच इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, 'नोकरीतले अनुभव' मागायला आले. अनोळखी वाचकांना उद्देशून लिहायला मला जमत नाही. तेव्हा तुम्हालाच लिहिते आहे, आणि हेच त्यांना देणार आहे. वाचकांनी तुमच्या खांद्यावरून वाचावं.

तुम्ही लहान असताना आजी 'सरकारमध्ये' आहे असं ऐटीत सांगायचात. खरं सांगायचं तर आजी एका खिडकीमागे बसायची. कामगारांच्या तक्रारी आणि मागण्या जिथे येतात अशा एका सरकारी कार्यालयात मी होते. कुठल्या ते लिहीत नाही. आता तिथे दुसरी माणसं बसतात, आणि जी चूक सांगणार आहे ती माझी होती, त्यांची नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून इंग्रजी स्टेनो म्हणून लागले. पुढे सगळा कारभार मराठीतून करायचा हुकूम निघाला आणि तिशी उलटल्यावर मी सरकारी मराठी पाठ करायला बसले. 'उपरोक्त' हा शब्द तोंडात बसावा म्हणून मी घरी तो जागोजागी वापरायची. आजोबा भाजी अळणी आहे म्हणाले की मी म्हणायची, "उपरोक्त भाजीबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल," आणि मिठाचा डबा पुढे करायची.

शेवटची आठ वर्षं माझ्याकडे आवक होती. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आवकमध्ये येतो. त्यावर शिक्का मारायचा, तारीख आणि क्रमांक घालायचा, जाड नोंदवहीत एका ओळीत त्याची नोंद करायची. क्रमांक पडला की कागद जिवंत झाला. मग तो कोणाला हरवता येत नाही, निदान हरवला तर विचारता येतं. मागणीचा अर्ज असेल तर त्याची एक प्रत आम्ही कंपनीला पाठवायचो, मग दोन्ही बाजूंना बोलावून आमचे साहेब समोरासमोर बैठक घ्यायचे. हक्क मागणं म्हणजे मोर्चा आणि घोषणा असं तुम्हाला वाटत असेल. त्याही असतात. पण शेवटी कोणीतरी एक कागद घेऊन माझ्या खिडकीशी यायचं, आणि तो कागद घ्यायचा की परत करायचा हे मी ठरवायची. मी नीट काम करणारी बाई होते. माझ्या नोंदवहीत खाडाखोड सापडली नसती.

माणसं कसली कसली यायची! सानपाड्याच्या एका गोदामावरचा वॉचमन एकदा खुर्ची घेऊन आला. रात्रपाळीला धड खुर्ची मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती आणि पुरावा म्हणून त्याने ती तीन पायांची खुर्चीच बसमधून आणली होती. कंडक्टरने तिचं वेगळं तिकीट फाडलं म्हणून तो रागावलेला. मी अर्ज घेतला आणि शेवटी लिहिलं, 'सोबत : खुर्ची एक, पाय तीन.' ती खुर्ची माझ्या कपाटाला टेकवून ठेवली होती. एके दिवशी साहेब बोलता बोलता तिच्यावर बसले. त्या वॉचमनची बैठक त्याच आठवड्यात लागली.

आता कोळंबीच्या बायकांचं सांगते.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासे गोठवून परदेशी पाठवणारी एक कंपनी होती. तिथे साठेक बायका कोळंबी सोलायला होत्या. एका मंगळवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दोघी माझ्या खिडकीशी आल्या. उन्हातून आलेल्या म्हणून मी त्यांना आत बोलावलं. पुढची, बेबी म्हात्रे, खुर्ची ओढून बसलीसुद्धा. ती तळोज्याजवळच्याच गावातली; तिच्या सासऱ्याच्या भातशेतीवर कारखाने उभे राहिले होते आणि त्यातल्याच एकात ती आता कामाला होती. दुसरी दाराशी उभी राहिली, पदराचं टोक दोन्ही हातांत धरून. "जयभीम बाई," एवढं म्हणाली आणि पुढे तासभर गप्प. ती अनुसया गायकवाड. जालन्याकडची. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस बाहेर. घर आणि दोन मुलं तिच्यावर.

"बरफात हात, मॅडम," बेबी सांगायला लागली. "पायाखाली पानी. दिवसभर हुबं. असल्या थंडीत मानसाला सारखं जावं लागतं का नाय?"

"कुठे?" मी विचारलं. लिहून घेत होते, लक्ष अर्धवट होतं.

बेबीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मंत्रालयात," ती म्हणाली.

अनुसयाने पटकन पदर तोंडाला लावला. मग मी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकलं.

हॉलच्या दारापाशी एक खिळा होता आणि त्याला दोरीत ओवलेले दोन बिल्ले लटकवलेले होते. साठ बायकांत दोन. गळ्यात बिल्ला घालूनच संडासला जायचं आणि आल्यावर तो खिळ्याला परत लावायचा. बिल्ला जागेवर नसला तर थांबायचं. पाच मिनिटांच्या वर वेळ लागला की सुपरवायझर संडासाच्या दाराशी जाऊन त्या बाईचं नाव घेऊन हाका मारायचा. पुरुष माणूस, सगळ्यांच्या देखत. म्हणून बायकांनी पाणी पिणंच सोडलं होतं. कित्येकींना उन्हाळी लागलेली, एकीला ताप चढून इस्पितळात ठेवावं लागलं होतं. पगाराचा त्यात शब्द नव्हता. मागणी एकच : तो बिल्ला काढा.

मग बेबीने पिशवीतून सह्यांचा कागद काढला. तो पाहून मला मनातल्या मनात हसू आलं होतं, हे आज सांगितलं पाहिजे. कागदाच्या मधोमध एक मोठं वर्तुळ होतं आणि त्याच्या भोवताली, उन्हाच्या तिरिपी काढाव्यात तशी, बाहेरच्या दिशेने नावं लिहिलेली. काही सह्या, काही अंगठे. वाचायला कागद हातात गोल गोल फिरवावा लागत होता. मला वाटलं, बिचाऱ्यांना रेघांचा कागद मिळाला नसेल.

"मी हे नीट करून घेते," मी म्हटलं.

"नीटच हाय ते," बेबी म्हणाली.

"हो, पण इथल्या पद्धतीप्रमाणे लागतं."

त्यावर ती काही बोलली नाही. तिने तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं, अशी मी पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. पण ती कशाला सांगेल? कागद पाहिल्यावर कोणालाही कळेल, असंच तिला वाटलं असणार.

त्या दुपारी मी ते काम मन लावून केलं. नियमाप्रमाणे एकत्र अर्जाला क्रमवार यादी लागते. वर्तुळात पहिलं कोण आणि शेवटचं कोण ते ठरवता येईना, तेव्हा मी सर्वांत निःपक्षपाती मार्ग काढला आणि नावं अक्षरांच्या क्रमाने लावली. अडतीस नावं. 'अ'वरून एकच होती. फाइलच्या पुठ्ठ्यावर मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं : 'अनुसया गायकवाड व इतर सदतीस.' बायकांनी लिहून आणलेला मजकूरही मला बरा वाटला नव्हता, तोही सुधारला. 'स्वच्छतागृहाच्या वापराबाबत पुरेशी सोय उपलब्ध करून देणेबाबत.' पुढच्या मंगळवारी बेबी एकटी आली, तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला.

"बिल्ला कुटं हाय यात?" तिने विचारलं.

"त्यातच आलं ते," मी म्हटलं.

यादी मी तिला दाखवली नाही. ती जोडपत्र होती. दाखवावी असं मला सुचलंही नाही. अर्जाची प्रत, यादीसकट, कंपनीला गेली.

अकराव्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी अनुसया पायऱ्यांवर बसलेली होती. मला पाहून उठली. त्या दिवशी जयभीमही म्हणाली नाही.

"गेटवर कार्ड चालंना," ती म्हणाली. "वॉचमन म्हणला, तुमाला आत सोडायचं न्हाई. मॅनेजरसायबाला इचारलं तर म्हणला, तू पुढारी हाईस ना? मग जा तुझ्या सायबाकडं. बाई, म्या कुटं बोलले वो? म्या त तुमच्यासमोर तोंड सुदिक उघडलं न्हाई." मग तिने ते विचारलं. "मपलं नाव पयलं कुनी घातलं?"

तुमच्या आजीला तेव्हा सरळ उत्तर देता आलं असतं. पण आजी म्हणाली, "ती कार्यालयीन पद्धत आहे."

अनुसयाने मान हलवली. तिला त्यातून काय कळलं असेल! तळोज्याच्या त्या रस्त्यावरच्या कंपन्यांचे गेटवरचे लोक एकमेकांना ओळखतात. एका गेटवर 'पुढारी' म्हणून नाव झालं की दुसऱ्या गेटवर काम मिळत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

पुढच्या दोन दिवसांत बायका एक-एक करून माझ्या खिडकीशी यायला लागल्या. "माझं नाव काडा." "माझंबी काडा." पाच झाल्या. सहाव्या बाईला मी कारण विचारलं, तेव्हा वस्तीत काय चाललं होतं ते समजलं. यादी बेबीने केली, असंच सगळ्यांनी धरलं होतं. "आपलं नाव मधी लपवलं आन् आमच्यातलीला पुढं केलं," ती बाई म्हणाली. 'आमच्यातली' म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. कोळंबीच्या टेबलाच्या एका बाजूला गावातल्या बायका आणि दुसऱ्या बाजूला मराठवाड्यातून आलेली बौद्ध घरांतली माणसं, त्यांच्यामध्ये महिनाभर खपून बेबीने जो विश्वास जमवला होता, तो माझ्या एका टाइप केलेल्या यादीने मोडला होता.

बेबी तिसऱ्या दिवशी आली. बसली नाही.

"मॅडम, तो आमचा कागद दाकवा."

मी फाइल उघडून वर्तुळाचा कागद पुढे ठेवला. तिने त्यावर बोट टेकवलं.

"ही थाली हाय. आमची जेवायची. ती पालथी घातली आनि भवताली पेन फिरवला. असं कनाला केलं, माहीत हाय? दोन वर्सांमागं आमी बूट मागलेले. पायात घालायला, पान्यासाठी. तवा कागदावर पयली सही माझ्या जावेची व्हती. महिन्याभरात ती घरी. तवा आमी ठरवलं, आता असा कागद करायचा का ज्याला पयलं नाय आनि शेवट नाय. कोन सुरू केला, कोनाला कलणार नाय." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमाला गोल वाचता नाय आला?"

माझ्या नोकरीतल्या अडतीस वर्षांत साहेबांची बोलणी पुष्कळ खाल्ली. त्यातलं एकही वाक्य आता आठवत नाही. हे आठवतं.

माझा एक नियम होता : अर्जदाराच्या घरी जायचं नाही, अर्जदाराचा चहा घ्यायचा नाही. नियम चांगलाच होता. त्या रविवारी मी तो मोडला. वाशीहून बस धरून, त्यांची पाळी सुटायच्या वेळेला, तळोज्याला गेले. बेबीला निरोप दिला होता की सगळ्यांना एकत्र बोलाव, तुझ्या बाजूच्या आणि अनुसयाच्या बाजूच्या. वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर तीस-पस्तीस बायका जमल्या होत्या, दोन घोळक्यांत, मध्ये मोकळी जागा सोडून. मला खुर्ची दिली. त्या खुर्चीला चारही पाय होते, तरी मला तिच्यावर धड बसता येईना.

"ती यादी बेबीने केली नाही," मी उभी राहून म्हटलं. "मी केली. अक्षरं लावून केली. अनुसयाचं नाव 'अ'वरून म्हणून वर आलं, एवढंच. गोल कशासाठी आहे ते मला कळलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, म्हंजे पोरीचं नाव यमुना ठिवलं असतं तर वाचली असती व्हय!" दोन्ही घोळक्यांत हसू फुटलं. अनुसया हसली नाही.

"तुमी चांगल्या मनानं केलं आसंल, बाई," ती म्हणाली. "पर गेट मला बंद झालं. तुमाला न्हाई."

चहा आला. मी घेतला.

मग मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. आवकच्या खिडकीमागच्या बाईने खरं तर असा सल्ला देऊ नये, पण नियमात ते होतं आणि नियम मला पाठ होते. एकत्र अर्जाला यादी लागते. पण प्रत्येक कामगाराला स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज करता येतो. त्यावर एकच नाव असतं. त्याला यादी लागत नाही.

"म्हंजे अडतीस जनींचे अडतीस कागद?" बेबीने विचारलं.

"हो."

"आनि ज्याच्या-त्याच्या कागदावर तीच पयली."

"पहिली आणि शेवटचीही."

बेबी विचार करत राहिली. "मग तो मॅनेजर कोनाला पुढारी बोलंल? सगल्यांनाच बोलाय लागंल, मेल्याला." पण तिच्या आवाजात पहिल्या दिवसाचा जोर नव्हता. गोलात नाव घालणं वेगळं आणि एकटीचा कागद देणं वेगळं, हे तिथे प्रत्येकीला समजत होतं. गोलात पाठीशी सदतीस जणी होत्या. कागदावर कोणीच नसणार होतं.

"मी सगळ्यांचे लिहून देते," मी म्हटलं. पिशवीतून कोरे कागदही काढले.

"तुमी नका लिवू," अनुसया म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने बहुधा एवढ्या बायकांसमोर त्या दिवसाआधी कधी तोंड उघडलं नसावं.

"तुमी लिवलं की बिल्ला त्यातून जातोय," ती म्हणाली. "आमचं आमी लिवू. जिला येत न्हाई तिचं दुसरी लिवंल. पर ती सांगंल तसंच."

मी कागद तिथेच ठेवले आणि परत आले.

मंगळवारी अकराच्या सुमाराला खिडकीबाहेर रांग लागली. अडतीसपैकी एकतीस आल्या. सात जणींची हिंमत झाली नाही. मी असते तर मीही त्या सातांत असते. पहिलीचा कागद घ्यायचा म्हणून मी शिक्का शाईत बुडवला, नोंदवही उघडली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एक गोष्ट मी पुन्हा विसरले होते. नोंदवहीत एका ओळीत एकच कागद. क्रमांक एकामागून एक पडतात. अर्ज एकतीस असोत की शंभर, कोणाचा तरी क्रमांक सगळ्यांत आधीचा असणारच, आणि कंपनीला जाणाऱ्या प्रतीवर तो दिसणारच. त्यातून सुटका माझ्याजवळ नव्हती. नोंदवही गोल नसते.

मी ते खिडकीतून बाहेर सांगितलं. या वेळी आधी सांगितलं.

रांग थबकली. सगळ्यांत पुढे उभी होती तिने कागद पाठीमागे घेतला. कोणी पुढे सरकेना. शेवटी बेबी मागून वाट काढत आली. "आना, माझा घ्या. व्हायचं ते व्हऊ दे."

तिचा हात खिडकीत येण्याआधी अनुसयाने तिचं मनगट धरलं.

"थांब बेबी," ती म्हणाली. "मपलं नाव तसंबी पयलंच हाय. त्या टायमाला दुसऱ्यानं घातलं. ह्या टायमाला म्या घालते."

तिने कागद आत सरकवला. वहीतलं फाडलेलं पान, चौथीतल्या मुलाच्या अक्षरासारखं मोठं, सावकाश काढलेलं अक्षर. मी शिक्का मारण्याआधी तो वाचला. नियमाने फक्त विषय पाहायचा असतो, पण मी सगळा वाचला.

'मी अनुसया गायकवाड. मला सकाळपासून पाणी प्यायची भीती वाटते. दारावर माझं नाव घेऊन हाक मारतात त्याची लाज वाटते. खिळ्यावरचा बिल्ला काढावा. मला परत कामावर घ्यावं. हे मला कोणी सांगितलं नाही. माझं मी लिहिलं.'

मी शिक्का मारला. मग बेबीचा घेतला, मग बाकीच्यांचे. एकतीस ओळी. हात दुखून आला, पण एकाही कागदातला एकही शब्द मी नीट केला नाही.

"बाई, हे काय हो?" साहेबांनी संध्याकाळी टेबलावरचा गठ्ठा पाहून विचारलं. "एकाच प्रकरणाचे एकतीस?"

"नियमात आहे, साहेब."

"नियमात आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला हे सुचलं कसं, ते विचारतोय."

मी म्हटलं, माझी एक चूक झाली होती. मग सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, लेखी काही मागितलं नाही, आणि कंपनीला एकतीस नोटिसा काढायला सांगितल्या. त्या एकतीस पाकिटांवरचे पत्तेही मीच घातले.

बैठकीला कंपनीचे वकील आले. हे सगळं एका बाईच्या चिथावणीवरून झालं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला. "यातली दोन वाक्यं एकसारखी दाखवा." वकिलांनी बरीच पानं उलटली. एकीने लिहिलं होतं की ती घरून निघताना फक्त गुळणी करते. एकीने लिहिलं होतं की तिची मुलगी विचारते, आई, तुझा आवाज इतका कोरडा का येतो. वकिलांनी पानं उलटणं थांबवलं आणि चष्मा पुसला.

मोठा विजय वगैरे झाला असं लिहिणार नाही. तपासणीला माणूस जाणार म्हटल्यावर आदल्या दिवशी बिल्ले निघाले. खिळा तसाच राहिला. पुढे कोणीतरी त्याला कॅलेंडर लावलं, असं बेबीने सांगितलं. हाका मारणारा सुपरवायझर त्यांनी दुसऱ्या हॉलवर नेला, म्हणजे तिथल्या बायकांच्या नशिबी. अनुसयाला सातव्या आठवड्यात परत घेतलं, पण सोलायच्या टेबलावर नाही. मागच्या अंगणात क्रेट धुवायला लावलं. शिक्षाच होती ती. त्याबद्दल आणखी एक अर्ज करता आला असता. मी निरोप पाठवला, तर तिचा उलट निरोप आला : "बाईंना सांगा, हितं ऊन लागतं. बरं हाय." ते खरं होतं की माझं ओझं कमी करायला म्हटलेलं होतं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंतच्या दोन वर्षांत माझ्या खिडकीशी आलेला एकही वेडावाकडा कागद मी न विचारता सरळ केला नाही. "हे असं का लिहिलंय?" एवढं विचारायची सवय मला त्या वयात लागली. शाळेत, कॉलेजात, नोकरीत मला सगळ्यांनी उत्तरं लिहायला शिकवलं होतं.

आता ईराचं. इथपर्यंतचं मी तुम्हाला आधीच पाठवलं होतं, ते वाचून परवा तिने फोटो पाठवला. थाळी नव्हती म्हणून तिने पिझ्झाचं खोकं आणलं आणि त्याचं पुठ्ठ्याचं वर्तुळ कापून त्याभोवती अकरा नावं घेतली आहेत. सुरेख दिसतं आहे. फोटोखाली तिने विचारलं आहे, "पण आजी, हे पत्र मॅनेजरच्या हातात कोण देणार? जो देईल त्याचं नाव पहिलं लागणारच ना?"

लागणारच, ईरा. त्यातून सुटका कोणाचीच नाही, गोल काढला तरी. तू देणार असशील तर माझा आशीर्वाद आहे, आणि काळजीही आहे. दुसऱ्या कोणाला पुढे करणार असाल, तर त्याला आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर नको.

मी अनुसयाला विचारलं नव्हतं.